एनफ्रिहोलादास: टॉर्टिया तुटते, विरघळते, रस घट्ट होतो, त्यावर उपाय

टॉर्टिया घेवड्याच्या रसात बुडवली आणि काढताना अर्धी कढईतच राहिली. किंवा अख्खी बाहेर आली, पण घडी घालताना मधोमध चिरली. किंवा घडीसुद्धा झकास पडली, फक्त ताटली टेबलावर पोचेपर्यंत तिचा लगदा झाला. एनफ्रिहोलादास करायला घेतल्या की या तिन्हींपैकी एक तरी होतंच, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी मेक्सिको सिटीत राहते, त्यामुळे पुण्यातली मावसबहीण असो की न्यू जर्सीतली मैत्रीण, ‘अगं, तुकडे का पडतात?’ हा फोन माझ्याकडेच येतो. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ गोल पोळ्या, गरम तेलातून क्षणभर काढायच्या, शिजलेला घेवडा (शेंगांची भाजी नव्हे, राजम्यासारखे वाळलेले दाणे) वाटून केलेल्या गरम रसात बुडवायच्या, घडी घालून ताटलीत मांडायच्या, वर चुरलेलं ताजं चीज, कांद्याच्या चकत्या आणि थोडं क्रीम. टोमॅटोच्या रसात बुडवल्या की त्या एनतोमातादास, मोलेत (मिरच्या-मसाले वाटून केलेल्या दाट रसात) बुडवल्या की एनमोलादास, मिरचीच्या रसात बुडवल्या की एन्चिलादास. सगळं एकच कुटुंब. इथल्या घरांत घेवड्याचं मोठं भांडं चढतं ते दोन-तीन दिवसांच्या बेताने. पहिल्या दिवशी दाणे त्यांच्या पाण्यासकट वाटीत, दुसऱ्या दिवशी डुकराच्या चरबीत परतून, आणि तळाशी उरलं की नाश्त्याला एनफ्रिहोलादास. आदल्या दिवशीच्या टॉर्टियाही त्यातच खपतात. मुळात हा उरलंसुरलं संपवायचा पदार्थ आहे, आणि बिघडण्याची निम्मी कारणं त्याला पाहुण्यांसाठीच्या ताज्या बेतासारखं वागवण्यात आहेत.

वाहाका राज्यातल्या एनफ्रिहोलादास सगळ्यात नावाजलेल्या. तिथे काळा घेवडा आणि त्यात भाजलेलं आवोकादोचं पान. सोबत बहुतेक वेळा तासाहो, म्हणजे खारवून अर्धवट वाळवलेलं गोमांस, किंवा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज; नुसत्याही खातात. मेक्सिकोच्या दक्षिणेत आणि वेराक्रूसकडे काळा घेवडा चालतो, मध्य भागात तपकिरी-गुलाबी जाती, उत्तरेकडे ठिपक्यांचा पिंटो. पदार्थ सगळीकडे होतो. तुटण्याची कारणंही सगळीकडे सारखीच.

सगळ्यात आधी पाकीट उलटं करून वाचा

भारतातून येणाऱ्या फोनमध्ये निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो. आपल्याकडे दुकानात ‘टॉर्टिया’ म्हणून जे मऊ, पांढरं, मोठं मिळतं ते बहुधा मैद्याचं असतं. मैद्याची टॉर्टिया उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, घरोघर होते आणि ती उत्तम लागते, पण या कामाची नाही. रसात गेली की वरून बुळबुळीत होते आणि आत चिवट राहते. घटकांत मैदा किंवा गव्हाचं पीठ दिसलं तर त्याचे बुरितो करा, एनफ्रिहोलादास नकोत.

दुसरा हमखास प्रयोग म्हणजे मक्याच्या पिठाची भाकरी थापून तीच बुडवायची. तीही टिकत नाही, आणि का टिकत नाही हे समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. टॉर्टियाचा मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच ठेवतात. यालाच निश्तामाल म्हणतात. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, सालातला काही भाग विरघळून डिंकासारखा चिकट होतो, स्टार्च थोडा फुगतो आणि चुन्यातलं कॅल्शियम ही सगळी जुळणी धरून ठेवतं. म्हणून नुसत्या पाण्यात मळलेलं हे पीठ एकजीव होतं आणि भाजल्यावर त्याची घडी पडते. आपल्या मक्याच्या पिठाला चुना लागलेला नसतो. त्याला उकळतं पाणी घालून कितीही मळा, भाकरी होते ती खुसखुशीत, चुरडायला छान. तिला गरम रसात टाकलं की ती रस पिते आणि सुटते. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही.

मग भारतात काय करायचं? चुना लावलेल्या मक्याचं तयार पीठ ऑनलाइन मिळतं, ‘मासा हरीना’ या नावाने शोधा. मेक्सिकोतला त्याचा सगळ्यात माहीत असलेला ब्रँड मासेका. महाग पडतं, पण अर्ध्या किलोत पंधरा-वीस टॉर्टिया आरामात होतात. दोन कप पिठाला साधारण दीड कप कोमट पाणी, मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास. लिंबाएवढा गोळा दाबून पाहा: कडांना भेगा पडल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटला तर जास्त. दोन प्लॅस्टिकच्या कागदांत दाबून, कडक तापलेल्या तव्यावर पहिली बाजू वीसेक सेकंद, दुसरी जवळपास मिनिटभर, मग पुन्हा पहिली. फुगली पाहिजे. उतरवली की फडक्यात गुंडाळून ठेवायची.

ज्यांना हौस आहे त्यांनी मक्यापासून सुरुवात करावी. एक किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नको, पॉपकॉर्नचाही नको), तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. मंद उकळीवर अर्धा-पाऊण तास, दाणा टणक असेल तर आणखी थोडं, बोटांत चोळल्यावर साल सुटेपर्यंत. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवायचं. अडचण येते ती वाटण्याची. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय ते फिरत नाही आणि पाणी घातलं की पीठ सैल होऊन थापता येत नाही. इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर असेल तरच या वाटेला जा.

अमेरिकेतल्यांना मक्याच्या टॉर्टिया कुठेही मिळतात. त्यातही घटकांत फक्त मका, पाणी आणि चुना असलेलं पाकीट मिळालं तर ते घ्या. बऱ्याच पाकिटांत टॉर्टिया आठवडाभर मऊ राहाव्यात म्हणून ग्वार गम असतो, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. जगातली बहुतेक गवार राजस्थानात पिकते, तेव्हा मेक्सिकन पदार्थ बिघडवायलाही आपला थोडा हातभार आहेच. डिंकामुळे टॉर्टिया हाताला लुसलुशीत लागते खरी, पण तो मऊपणा ओलाव्याचा असतो. रसात गेल्यावर ती साध्या टॉर्टियापेक्षा लवकर सैल पडते, म्हणून तिला तेलात दोन-तीन सेकंद जास्त द्यावे लागतात.

तुटते कुठे ते पाहा

टॉर्टिया बरोबर आहे तरी तुटते? मग तुटल्यावर लगेच टाकून देऊ नका. तुकडा नीट बघितला तर कारण त्यातच दिसतं.

घडीच्या रेषेवर सरळ चीर पडली आणि चिरेच्या आत टॉर्टिया कोरडी, फिकट दिसली, तर ती गार होती. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा आवळायला लागतो, आणि सगळ्यात भराभर आवळतो तो फ्रीजच्या तापमानाला. म्हणून फ्रीजमधली टॉर्टिया ओट्यावरच्या टॉर्टियापेक्षा जास्त कडक असते. गरम केली की हा आवळलेला भाग बराचसा सैल होतो, पण गरम आहे तोवरच. एकदा गरम करून दहा मिनिटं ओट्यावर उघडी ठेवली तर आधीपेक्षा वाईट, कारण आता ओलावाही गेलेला असतो. इलाज सरळ आहे. बुडवण्याच्या आधी टॉर्टिया तव्यावर दोन्ही बाजूंनी वाफ निघेपर्यंत गरम करा, जाड फडक्यात गुंडाळा आणि तिथून थेट तेलात.

कडा झिजून रसात कण तरंगायला लागले, टॉर्टिया हातात लोंबायला लागली, तर तेलाचं काम नीट झालेलं नाही. यावर पुढे सविस्तर लिहिते, कारण खरी मेख तिथेच आहे.

पापुद्रा सुटून रसात राहिला आणि जाड बाजू तेवढी हातात आली, तर टॉर्टिया फार ताजी होती किंवा कच्ची होती. चांगली फुगलेली टॉर्टिया एका बाजूने पातळ, दुसऱ्या बाजूने जाड असते आणि तव्यावरून उतरल्या उतरल्या या दोन थरांमध्ये भरपूर वाफ असते. ती बसायला वेळ द्यावा लागतो. सकाळच्या टॉर्टिया रात्री, रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, असा हिशेब ठेवा. घडी घालताना पातळ बाजू आत घ्या. इथे टाको भरतानाही सारण पातळ बाजूवर ठेवतात. जाड बाजू बाहेर राहिली की ताण सहन करते.

आणि सगळं नीट होऊनही ताटलीत लगदा होत असेल तर तो फक्त वेळेचा प्रश्न आहे. बुडवल्यापासून खाईपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त गेली की कुठलीही टॉर्टिया हार मानणार. हा पदार्थ करून ठेवायचा नाही, ओव्हनमध्ये गरम ठेवायचा नाही, डब्यात तर अजिबात द्यायचा नाही.

तेलातून काढणं

बहुतेक जणी ही पायरी गाळतात, कारण ‘आधीच रसात बुडवायचंय, मग तळायचं कशाला’ असं वाटतं. आणि ज्या गाळत नाहीत त्या कुरकुरीत होईपर्यंत तळतात. दोन्ही चुकतं.

तेलात टॉर्टियाचं काय होतं ते एकदा एकच टॉर्टिया टाकून शांतपणे बघा. लहान कढईत बोटाच्या एका पेराइतकं तेल, चांगलं तापलेलं. टॉर्टियाचा कोपरा टेकवल्यावर लगेच चरचर आवाज यायला हवा. टॉर्टिया सोडली की बारीक बुडबुडे उठतात, वरचं पाणी वाफ होऊन जातं. पहिल्या चार-पाच सेकंदांत ती आधी होती त्यापेक्षा मऊ पडते, चिमट्यात धरली तर कापडासारखी वाकते. इथे उलटायची, तेवढेच सेकंद दुसरी बाजू, आणि बाहेर. आणखी दहा-पंधरा सेकंद राहू दिली तर कडा ताठ होतात, रंग बदलतो, आणि ती तोस्तादा, म्हणजे कडक तळलेली सपाट टॉर्टिया, व्हायला लागते. ताठ झालेली टॉर्टिया घडी घालताना मोडणारच.

या आठ-दहा सेकंदांत दोन गोष्टी होतात. आतला आवळलेला स्टार्च उष्णतेने सैल होतो, म्हणून घडी पडते. आणि वरून तेलाचा पातळ थर बसतो, त्यामुळे रस लगेच आत शिरत नाही. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पाणी बाहेर जाण्याऐवजी तेलच आत जातं. टॉर्टिया जड, तेलकट होते आणि तरीही विरघळते. ‘तेल फार पितं’ अशी तक्रार असेल तर आच वाढवा, तेल कमी करू नका.

काढल्यावर कागदावर निथळा. तेल ठिबकणारी टॉर्टिया रसात घातली तर रस तिच्यावरून घसरतो आणि मधेमधे पिवळे पट्टे उघडे दिसतात.

तळायचंच नसेल तर? टॉर्टियाच्या दोन्ही बाजूंना मिळून पाव चमचा तेल चोळून कडक तव्यावर वीस-वीस सेकंद ठेवा. निव्वळ मका-पाणी-चुन्याच्या, एक दिवसाच्या टॉर्टियांना हे चालून जातं. डिंकाच्या पाकिटातल्यांना चालत नाही. मायक्रोवेव्हने गरम करून थेट बुडवणं मात्र सोडून द्या. तिथे टॉर्टिया स्वतःच्याच वाफेने ओली होते आणि तुटण्याची पूर्वतयारी करूनच बाहेर येते.

रस: घट्ट, रवाळ, फिका

घट्ट रस टॉर्टिया तोडतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. दाट लगद्यातून टॉर्टिया ओढून काढताना तिच्यावर जो ताण येतो त्यानेच ती फाटते, आणि आपण दोष देतो टॉर्टियाला. रस पळीवाढा हवा. डाव बुडवून उलटा धरा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद उघडी राहून कडेने हळूच ओघळ यायला हवेत. रेघ जशीच्या तशी राहिली तर पाणी घाला.

आणि सुरुवातीला बरोबर असलेला रस चौथ्या टॉर्टियापर्यंत घट्ट होतोच. घेवड्यात स्टार्च भरपूर, त्यात शेगडीवर पाणी आटतंय. यावर उपाय म्हणजे शेजारच्या शेगडीवर पाण्याचं भांडं गरम ठेवायचं आणि दर दोन-तीन टॉर्टियांनंतर अर्धी पळी ओतून ढवळायचं. गार पाणी ओतलं तर रस गार होतो, आणि गार रस आणखी घट्ट.

वाहाका शहरातल्या बाजारातल्या एका खाणावळीत मी ओट्याजवळचं स्टूल पकडून बसले होते, तिथल्या बाई हेच करत होत्या. मातीच्या पसरट भांड्यात काळा रस मंद उकळत होता, डावीकडे तेलाची छोटी कढई, उजवीकडे किटली. चिमट्याने टॉर्टिया तेलातून उचलली, कढईच्या काठावर दोनदा आपटली, रसात आडवी सरकवली, लगेच उलटली, भांड्याच्या काठाला टेकवून तिथेच दुमडली आणि तशीच ताटलीत. टॉर्टिया रसात होती ती फार तर तीन सेकंद. बुडवून ‘मुरू’ देणं हा प्रकारच नाही. गप्पा मारता मारता किटलीकडे हात जात होता, भांड्यात बघायचीसुद्धा त्यांना गरज पडत नव्हती.

मोजमाप हवं असेल तर बारा टॉर्टियांना (चार माणसांना तीन-तीन) अडीच कप शिजलेले दाणे आणि दीड कप त्यांचंच पाणी घ्या, शिवाय पातळ करायला कपभर गरम पाणी हाताशी ठेवा. पसरट भांड्यात दोन चमचे चरबी किंवा तेल, त्यात कांद्याची एक जाड चकती आणि लसणाच्या दोन पाकळ्या चांगल्या तांबूस होऊ द्या. त्या दाण्यांबरोबर वाटा आणि वाटलेलं सगळं त्याच गरम चरबीत ओता. चर्र असा आवाज आला पाहिजे. ही पायरी गाळली की रस कच्चट आणि फिका लागतो, मग लोक त्यात मसाले घालत सुटतात. मीठ अगदी शेवटी, रस हवा तितका पातळ झाल्यावर चाखून घाला.

रवाळ रसाचं कारण सालं. राजम्याचं साल जाड, ते मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवून वाटलं जात नाही. पूर्ण दोन मिनिटं फिरवा, आणि दाणे कोमट असताना फिरवा. उकळतं घातलंत तर झाकण उडेल. तरीही कण लागले तर गाळून घ्या, काही बिघडत नाही. दाणेच कमी शिजलेले असतील तर मात्र गाळून उपयोग नाही, पुन्हा कुकरला लावा. बोटांत दाबल्यावर लोण्यासारखे मोडायला हवेत.

रंग करडा, मळकट येतो? दाणे शिजवलेलं पाणी फेकून नळाचं पाणी घालून वाटलं असणार. काळ्या घेवड्याचा रंग सालात असतो आणि शिजताना तो पाण्यात उतरतो. चवही तिथेच असते. इथे बऱ्याच घरांत काळा घेवडा न भिजवताच शिजवतात, म्हणून पाणी गडद राहतं. आपल्याला राजमा भिजवायची आणि ते पाणी ओतून द्यायची सवय. भिजवण्याचं पाणी टाका हवं तर, शिजवण्याचं टाकू नका.

उरलेला राजमा चालेल का?

साधा उकडलेला असेल तर उत्तम. राजमा काय, काळा घेवडा काय, पिंटो काय, सगळे एकाच जातीचे. साताऱ्यातल्या कोरेगावकडचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडासुद्धा त्याच कुळातला आहे आणि त्याचं साल मोठ्या राजम्यापेक्षा सोसवतं. मला भारतात आल्यावर काळा घेवडा मिळाला नाही तर मी तोच घेते. रस काळा होणार नाही, विटकरी होईल. होऊ दे.

पण उरलेला राजमा मसाला वाटून त्यात टॉर्टिया बुडवायची, हे करू नका. आलं, टोमॅटो, धणे-जिरे, गरम मसाला. त्यातून घेवड्याची चव वर यायला जागाच उरत नाही, आणि आंबट रसात कच्चं क्रीम घातलं की तेही फुटल्यासारखं दिसतं. खायला वाईट लागेल असं नाही, दुसराच काहीतरी पदार्थ होईल. त्यापेक्षा राजमा करायच्या दिवशी फोडणीआधी अडीच-तीन कप दाणे त्यांच्या पाण्यासकट डब्यात बाजूला काढा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने बिनघोर राहतात. फ्रीजमधून काढल्यावर आधी खळखळून उकळा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या दाण्यांना आंबूस वास आला किंवा वर बारीक फेस दिसला तर मोह न करता टाकून द्या. आणि राजमा पहिल्यांदा शिजवताना कुकरमध्ये किंवा खळखळत्या उकळीवरच शिजवा. कच्च्या राजम्यात असलेलं विष मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये पुरतं नष्ट होत नाही.

आवोकादोच्या पानाबद्दल हमखास विचारणा होते. वाहाकात वापरतात ते मेक्सिकन जातीच्या आवोकादोचं, बडीशेपेसारख्या वासाचं पान. ते तव्यावर क्षणभर भाजून दाण्यांबरोबर वाटतात. दुसऱ्या जातींना हा वास नसतो, आणि ग्वाटेमालन जातीच्या पानांनी गुरांना बाधा झाल्याचं आढळलेलं आहे. म्हणून कुंडीतल्या किंवा शेजाऱ्यांच्या झाडाची पानं तोडू नका. पाव चमचा बडीशेप कोरडी भाजून घाला, बऱ्यापैकी जवळ जातं. मिरची एखादी सुकी लाल, भाजून. इथल्या धुरावलेल्या चिपोत्लेचा डबा मिळाला तर त्यातली अर्धी मिरची पुरे.

चीजचं सोपं आहे. इथलं केसो फ्रेस्को वितळत नाही, चुरलेलं वर बसून राहतं. घट्ट दाबलेलं पनीर हाताने चुरून त्याला मीठ चोळा, झालं. पिझ्झाचं चीज घालू नका, ते ताणतं आणि घडीबरोबर पापुद्रा उचलून आणतं. क्रीममध्ये चमचाभर दही फेटा. कांदा पांढरा, पातळ चकत्या, पाण्यातून काढलेला.

कामाचा क्रम

पहिल्यांदा करताना चिकन किंवा अंडं भरून गुंडाळ्या करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक वेळी हात लागला की टॉर्टिया फाटायची एक संधी. नुसती अर्धी घडी घाला, वाहाकातही बहुतेक ठिकाणी तशीच असते. ताटल्या, चीज, कांदा, क्रीम ओट्यावर मांडून झाल्याशिवाय तेल तापवू नका. रस मंद उकळता, शेजारी गरम पाणी, टॉर्टिया फडक्यात गरम. मग एका माणसाच्या तीन टॉर्टिया तेलातून काढायच्या, बुडवायच्या, दुमडायच्या, वर पळीभर रस, चीज, कांदा आणि ताटली पुढे. त्याने खायला सुरुवात करायची, दुसऱ्याची वाट बघायची नाही. सगळ्यांनी एकदम बसायचं असेल तर टॉर्टिया तेलातून काढून, निथळून, फडक्यात अर्ध्या तासापर्यंत ठेवता येतात. बुडवणं तेवढं शेवटच्या क्षणी.

एवढं करूनही दोन-चार तुटल्याच तर उरलेल्या टॉर्टियांचे त्रिकोण कापा आणि या वेळी खरोखर कुरकुरीत तळा. ताटलीत पसरून वर तोच गरम रस, चीज आणि कांदा. चिलाकिलेस याच पद्धतीचे असतात आणि घेवड्याच्या रसातले तर इथे नाश्त्याला मुद्दाम करतात, त्यामुळे समोरच्याला काही सांगायची गरज नाही. रस उरला तर तो कोमट असतानाच आणखी पाण्याने सैल करून डब्यात भरा. गार झाल्यावर त्याची वडी पडते आणि मग गुठळ्या मोडत बसावं लागतं. रात्री तोच उकळून, वर तळलेल्या टॉर्टियाच्या पट्ट्या टाकून सूप म्हणून प्या.